अकोल्यात उतरणारी बॅटरी

अकोल्याला माझी गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी सगळ्यात आधी बॅटरीवाल्याचा उद्धार केला. मार्च संपत आला होता. जठारपेठेत धाकट्या भावाच्या पोर्चमध्ये गाडी उभी होती, रविवारची संध्याकाळ होती आणि सोमवारी पहिला तास माझा असल्यामुळे मला अमरावतीला परतायलाच हवं होतं. किल्ली फिरवली तर नुसतं टक् झालं. समोरचे दिवे मिणमिणले आणि विझले. भाऊ, भावजय आणि आई असे तिघंही मला निरोप द्यायला पोर्चमध्ये उभे होते. मी बोनेट उघडून त्या काळ्या डब्याकडे बघत बडबडत होते, की आठ महिन्यांपूर्वी घेतलेली बॅटरी आहे, हे दुकानदार पडून असलेला माल नवा म्हणून गळ्यात मारतात, आणि समोर बाईमाणूस दिसलं तर हमखास. भाऊ म्हणाला, होतं असं कधी कधी. भावजय आत जाऊन पाणी घेऊन आली. आई भिंतीला धरून बघत होती. शेजाऱ्यांची गाडी शेजारी लावून, तारा जोडून माझी सुरू केली आणि मी धुसफुसत निघाले.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. सव्वीस वर्षं मुलांना विद्युतप्रवाह, विभवांतर आणि रोध शिकवते आहे. त्यामुळे माझी स्वतःची गाडी पुढच्या रविवारी पुन्हा तशीच मेली तेव्हा नवऱ्याला आयताच विषय मिळाला. आल्या-गेल्याला तो सांगायचा, आमच्या बाईसाहेब बोर्डावर सर्किट काढतात ते चालतं, बोनेटखालचं चालत नाही. मला असली थट्टा सहन होत नाही. मला न समजलेली गोष्टही सहन होत नाही. मी ठरवलं, की या बॅटरीचा छडा लावायचाच.

दर शनिवारी मी अकोल्याला जात होते ती आईसाठी. आमची शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग होती. वडील गेले तेव्हा भावानं हक्कसोडाचा कागद समोर ठेवला आणि मी तहसीलमध्ये जाऊन सही केली. आमच्याकडे बहिणी सही करतात. जी करत नाही तिचं माहेर तुटतं, आणि जी करते तिला लुगडं-चोळी होते, चार लोकांत नाव होतं. माझंही झालं. मी तेव्हा फार मोठेपणानं सही केली होती, हे आज लिहिताना माझंच मला हसू येतं. पुढे बाग विकून भावानं जठारपेठेत घर बांधलं आणि आई तिकडे गेली. ती कुठे राहणार हा प्रश्न कुणी विचारला नाही, मीही नाही.

लेकीच्या घरी आईबापांनी राहायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत. आईनं ती अशी पाळली, की माझ्या लग्नानंतर ती अमरावतीला पाच-सहा वेळाच आली असेल, तीही दोन रात्रींपुरती, आणि येताना ज्वारीच्या पिठाचा डबा सोबत आणायची. माझ्या घरचं दाणे-पीठ तिच्या अंगी लागायला नको म्हणून. मी चिडायचे, नवरा हसायचा, आई आपल्या पिठाची भाकरी थापायची. आता ती सत्त्याहत्तर वर्षांची झाली. गुडघे गेले, एका डोळ्याला कमी दिसतं. दर शनिवारी मी जायची, तिची औषधं बघायची, डॉक्टरकडे न्यायची, रविवारी संध्याकाळी परत. माझ्या मनात मी फार कर्तव्यदक्ष मुलगी होते.

तर बॅटरी. मी राजापेठेजवळच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेले. हा माणूस गाड्यांच्या वायरिंगशिवाय दुसऱ्या कशालाच हात लावत नाही आणि आपण बोललेलं त्याला आवडत नाही. त्यानं आधी टर्मिनल बघितले. त्यावर पांढरी भुकटी जमली होती ती गरम पाण्यानं धुतली, तारांची पकड घट्ट केली, वर व्हॅसलीन फासलं. गाडी सुरू करून मीटर लावला, चार्जिंग चौदा व्होल्टच्या वर होतं, म्हणजे बॅटरी भरणारा आल्टरनेटर ठीक. बॅटरीवर लोड टाकून बघितला, बॅटरी ठीक. मी म्हटलं, सगळंच ठीक आहे तर उतरते कशी? तो म्हणाला, आज घेऊन जा, पुन्हा उतरली तर या.

पुन्हा उतरली. अर्थात अकोल्यालाच. या वेळी मी बॅटरीच्या दुकानदाराशी असं भांडले, की त्यानं वॉरंटीत नवीन बॅटरी दिली, माझी पीडा टळावी म्हणून. पुढच्या आठवड्यात नवीन बॅटरीही उतरली. तेव्हा मात्र मला त्या दुकानदाराची थोडी लाज वाटली, पण सांगायला गेले नाही.

मग मी वही केली. मला वह्या करायची सवय आहे. तारीख, गाडी कुठे उभी होती, किती तास, सकाळचे व्होल्ट, संध्याकाळचे व्होल्ट, त्या दिवशीचं तापमान. गाडीत छोटा मीटर ठेवला. दोन आठवड्यांत चित्र स्वच्छ झालं. अमरावतीला गाडी चार-चार दिवस उभी राहिली तरी साडेबारा व्होल्टच्या खाली जात नव्हती. अकोल्याला शनिवारी दुपारी पोचले की साडेबारा, संध्याकाळी बारा आणि थोडं, रविवारी सकाळी तेवढंच, आणि रविवारी संध्याकाळी अकराच्याही खाली. म्हणजे बॅटरी रात्रीची उतरत नव्हती, दुपारी उतरत होती. आणि ज्या दिवशी ऊन जास्त, त्या दिवशी जास्त.

माझ्या हातात उत्तर होतं. ते मी वाचलं कसं, तर अकोल्याच्या उन्हानं बॅटरी मरते असं. उष्णतेनं बॅटरीतली रासायनिक क्रिया वेगानं होते, स्वयंविसर्ग, म्हणजे बॅटरीचा आपोआप उतार, वाढतो, हे पुस्तकात आहे आणि खरंही आहे. पण चार तासांत दीड व्होल्ट पडावं इतका नाही, हे मला बारावीच्या मुलानं विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं. स्वतःला नाही सांगितलं. कॉलेजात, घरी, अकोल्यात, सगळीकडे मी अकोल्याच्या उन्हाची कीर्ती गायले. भाऊ मान डोलवायचा. त्याला हे कारण फार पटलं होतं.

मिस्त्रीला पटलं नाही. तो हसलाही नाही. त्यानं बॅटरीची काळी तार सोडवून मधे मीटर घातला, दारं लावून घेतली आणि मला अर्धा तास स्टुलावर बसवून ठेवलं. गाडी बंद केल्यावरही आतली यंत्रं हळूहळू झोपतात, तोपर्यंत मोजून उपयोग नसतो, असं त्यानं सांगितलं. मग एकेक फ्यूज काढून बघितला. शेवटी मीटर माझ्यासमोर धरला.

"हे पाहा मॅडम, अठ्ठावीस मिलिअँपिअर, म्हंजे काहीच नाही. गाडी तुमची शरीफ आहे. कोनीतरी पिऊन राहिलं तुमची बॅटरी. अकोल्याले गाडी जिथं लावता, त्या घरात इचारा."

मी ताठ झाले. आमच्या घरात कुणी असं करत नाही, असं काहीतरी म्हणाले. खरं सांगायचं तर विचारायची माझी हिंमत नव्हती. गाडीची किल्ली भावाच्या स्वयंपाकघरात खिळ्यावर असायची, कारण पोर्च एकाच गाडीचं आहे आणि भावाला आपली गाडी आत घ्यायला कधी कधी माझी हलवावी लागायची. किल्ली खिळ्यावर आहे आणि बॅटरी उतरते, म्हणून कोण हात लावतं, असं माहेरच्या माणसांना विचारणं म्हणजे आरोप करणं. भाऊ गाणी ऐकत बसत असेल, त्याला ती सवय आहे, असा माझा अंदाज होता. पण लग्न झालेल्या बहिणीनं भावाच्या पोर्चमध्ये उभं राहून असं विचारलं, की ते वाक्य दहा वर्षं घरात फिरतं. भावजय ते तिच्या माहेरी सांगते. तुझी गाडी, तुझी बॅटरी, आमच्याकडे नको आणत जाऊस, इथपर्यंत गोष्ट जाते. हक्काची सही मी ज्या माहेरासाठी केली होती, ते बॅटरीवरून घालवायला मी तयार नव्हते. म्हणून मी माणसांना सोडून बाकी सगळ्यांना विचारलं. मीटरला विचारलं, फ्यूजला विचारलं, थर्मामीटरला विचारलं.

मिस्त्रीला म्हटलं, असं काही करा की कुणाला न विचारता काम होईल. त्यानं बॅटरीच्या टर्मिनलवर एक कट-ऑफ बसवला. हिरवी चकती असते, बोनेट उघडून ती दोन आटे सैल केली की बॅटरी गाडीपासून तुटते. मग आत कुणी काहीही करो, दिवा लागत नाही, रेडिओ वाजत नाही, काहीच होत नाही. निघताना चकती आवळली की गाडी जिवंत.

मे महिन्याचे पहिले तीन शनिवार माझ्या आयुष्यातले फार समाधानाचे गेले. अकोल्याला पोचायचं, सामान काढण्याच्या निमित्तानं बोनेट उघडायचं, चकती सैल करायची, कुणाला कळू द्यायचं नाही. रविवारी संध्याकाळी आवळायची आणि किल्ली फिरवताच गाडी गुरगुरायची. साडेबारा व्होल्ट. वहीत मी त्या आकड्याखाली लाल रेघ मारली. नवऱ्याला दाखवली. मिस्त्रीकडे पेढे घेऊन गेले, तर त्यानं ते न उघडता फळीवर ठेवले आणि विचारलं, कोण होतं ते कळलं का? मी म्हटलं, कळायची गरजच राहिली नाही. तेव्हा मला हे उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं.

तिसऱ्या शनिवारचा रविवार. अकोल्याला त्या आठवड्यात पारा शेहेचाळीसच्या वर होता. दुपारी नेहमीप्रमाणे जेवणं झाली, भाऊ एका एसीच्या खोलीत झोपला, मी आणि भावजय दुसरीत. भावजयीनं हॉलमध्ये साड्यांचा छोटा व्यवसाय मांडला आहे, तिथे दुपारी चारपासून बायका यायला लागतात, त्यामुळे हॉल आवरून कुलूपबंद. आईला एसी सोसत नव्हता. सांधे धरतात, असं ती दोन वर्षांपूर्वी एकदा म्हणाली होती आणि ते वाक्य घरातल्या सगळ्यांनी जपून ठेवलं होतं. तिची खोली मागच्या अंगाला, पत्र्याची. तिथे आधी कपडे धुवायचं यंत्र आणि रिकामे डबे असायचे. संडास जवळ पडतो, म्हातारीला रात्री लांब जायला नको, म्हणून तिची खाट तिकडे नेली. मला हे सांगितलं तेव्हा मला ते योग्यच वाटलं होतं. मी सकाळी नाहीतर संध्याकाळी त्या खोलीत जायची. दुपारी कधी गेले नाही, कारण दुपारी मी एसीत झोपलेली असायची.

संध्याकाळी मी चकती आवळून बोनेट बंद केलं. भाऊ आत फोनवर होता, भावजय गिऱ्हाइकांत. आई एकटीच भिंतीला धरत गाडीपर्यंत आली. माझ्या हातात तिनं उन्हात वाळवलेल्या खारोड्यांची पिशवी दिली आणि मग काचेवर हात ठेवून हळूच विचारलं.

"बाई, तुह्या गाडीचा पंखा बिघडला का वं? दोन-तीन खेपा झाल्या, मी किल्ली फिरवतो तं येतच नाही."

मी विचारलं, तू कधी फिरवलीस किल्ली?

"दुपारची. तुमी सारे निजता मंग. खोलीत पत्रा लय तापते. अंगाची लाही होते. इथं सावली असते, अन् पंखा लावला का तोंडावर वारा येते."

गाडीतला पंखा कसा लावायचा ते तिला मीच शिकवलं होतं. जानेवारीत डॉक्टरकडे गेलो होतो, जिना चढणं तिला जमत नव्हतं, म्हणून तिला गाडीत बसवून मी एकटी रिपोर्ट घ्यायला वर गेले. जाताना तिचा हात धरून दाखवलं, की किल्ली अशी एवढीच फिरवायची, हे बटण, हा पंखा, घुसमटल्यासारखं झालं तर लाव. शिकवण्यात मी कधी हयगय करत नाही. तिनं दोन वेळा करून दाखवलं होतं आणि मी शाबास म्हटलं होतं. पंखा चालला की बॅटरी उतरते, हे मात्र सांगितलं नव्हतं. गाडीत पंखा आहे, तो गाडीचाच, असं तिनं धरलं. ती उतरलेली बॅटरी आणि तिचा पंखा यांचा काही संबंध आहे हे तिला माहीतच नव्हतं. मी पोर्चमध्ये आदळआपट करायची तेव्हा ती बाजूला उभी राहून माझी कीव करायची, माझी गाडी सारखी बिघडते म्हणून.

मी तिला विचारलं, पोर्चमध्ये खुर्ची टाकून का बसत नाहीस? ती म्हणाली, गल्लीतले लोक बघतात, म्हातारीला भर दुपारी बाहेर बसवलं असं होतं, सुनेला आवडत नाही. गाडीच्या काचा काळसर आहेत, आत कोण बसलंय ते दिसत नाही. मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. पंखा आला नाही त्या दुपारी तू काय केलंस?

"काय करन? बसलो तशीच. काचही खाली होईना. दार जरासक उघडं ठेवलं, लोकाइले दिसू नये इतकं."

तीन शनिवार आणि तीन रविवार. माझ्या वहीतल्या लाल रेघा. शेहेचाळीस डिग्रीत, बंद काचांच्या गाडीत, दाराला चार बोटांची फट ठेवून माझी आई बसली होती, आणि मी वीस पावलांवर एसीत पांघरूण ओढून झोपले होते. काच खाली येऊ नये, वारा येऊ नये, याची व्यवस्था मी स्वतः बोनेट उघडून केली होती. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

मी गाडी तशीच सोडून आत गेले. भाऊ फोन ठेवत होता. मी विचारलं, आई दुपारची गाडीत बसते हे तुला माहीत होतं का? त्यानं ठेवलेला फोन पुन्हा उचलला, म्हणजे माहीत होतं. भावजय पडद्याआडून म्हणाली, त्यांनाच बरं वाटतं तिथं, आम्ही कशाला अडवू. म्हणजे तिलाही माहीत होतं. पाच-सहा आठवडे मी बोनेटवर वाकून दुकानदारांना आणि उन्हाला शिव्या घालत होते तेव्हा पोर्चमध्ये उभ्या माणसांपैकी दोघांना कारण ठाऊक होतं. ते गप्प राहिले, कारण माझ्या बॅटरीनं त्यांचा प्रश्न परस्पर सुटत होता. मी आवाज चढवला. पत्र्याच्या खोलीत माणूस भाजतं, तुम्हाला लाज नाही वाटत, असं बरंच बोलले. भाऊ शांत होता. तो मला ताई म्हणतो आणि कधी उलटून बोलत नाही. त्या दिवशीही तो आवाज न चढवता बोलला.

"ताई, तुह्या घरी दोन खोल्या रिकाम्या आहेत. एसी आहे. घेऊन जा तिले. आत्ता गाडीत बसव. मी तिची पिशवी भरून देतो."

तो खरंच पिशवी आणायला उठला. मी आईकडे वळले. ती दारात आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, चल माझ्यासोबत. ती लगेच म्हणाली, की लेकीच्या दारी जाऊन पडू काय या वयात, लोक याच्या तोंडात शेण घालतील. याच्या म्हणजे भावाच्या. तिनं डोळ्याला पदर लावला आणि भावाला म्हणाली, ठेव ती पिशवी.

मी आग्रह केला. दोनदा केला. तिसऱ्यांदा करायचा होता, तो मी केला नाही. इथे मला खोटं लिहायचं नाही. आई नाही म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. रोजचं तिचं अंथरूण, रात्रीचं उठणं, नवऱ्याच्या कपाळावरचा आठ्यांचा पट्टा, कॉलेजातून धावत घरी येणं, हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोरून गेलं होतं, आणि आईच्या नाहीनं ते सगळं टळलं. रीत तिची होती, पण तिचा उपयोग मला झाला. इतकी वर्षं मी त्या पिठाच्या डब्यावर चिडायचे आणि तोच डबा मला वाचवत आला होता. भावाला हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. तो पुन्हा खाली बसला आणि त्यानं टीव्ही लावला.

पुढच्या शनिवारी मी कूलर घेऊन गेले आणि आईच्या खोलीत लावून दिला. त्याच्या पुढच्या शनिवारी तो हॉलमध्ये साड्यांच्या कपाटाशेजारी होता. पत्र्याच्या खोलीचं वायरिंग झेपत नाही, तारा तापतात, असं कारण भावजयीनं सांगितलं. मी तारा तपासल्या. त्या खरंच बारीक होत्या. बदलून घ्या म्हटलं, बघू म्हणाले. मी आणखी काही बोलले नाही, कारण मला त्या घरात जेवायचं होतं, झोपायचं होतं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यायचं होतं. आईनंच मला समजावलं, की तू इकडे येतेस तेवढं पुष्कळ आहे, उगाच तोंड वाजवू नकोस.

मिस्त्रीकडे जाऊन मी तो कट-ऑफ काढायला सांगितला. आणि एक नंबर मोठी बॅटरी बसवायला सांगितली. तो म्हणाला, आहे ती झकास चालते आहे, मोठीसाठी खालची पट्टी बदलावी लागेल, कशाला? मी त्याला सगळं सांगितलं. का सांगितलं मला ठाऊक नाही. इतक्या दिवसांत तो एकटाच होता, ज्यानं मला माणसांना विचारायला सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं, हात पुसले आणि पट्टी कापायला बसला. पेढ्यांची पिशवी अजून फळीवर तशीच होती.

नव्या बॅटरीची परीक्षा मी घरीच घेतली. अमरावतीला, माझ्या पोर्चमध्ये, सुट्टीच्या दोन दुपारी. आई बसायची तशी बाजूच्या सीटवर बसले, काचा चार बोटं खाली, पंखा दोनवर, मांडीवर मीटर आणि वही. वारा गरमच येत होता. नवरा खिडकीतून बघून गेला. वरच्या दोन्ही रिकाम्या खोल्यांच्या खिडक्या गाडीतून दिसत होत्या. लागोपाठ दोन दुपारी अडीच-अडीच तास पंखा चालवूनही गाडी एका किल्लीत सुरू झाली, बारा व्होल्टच्या वर.

आता अकोल्याला आई शनिवारी आणि रविवारी दुपारी गाडीत बसते. काच चार बोटं खाली ठेवायची हेही मी तिला सांगितलं आहे. बॅटरी उतरत नाही. बाकीचे पाच दिवस गाडी अमरावतीला असते, माझ्या दारात.